किरणोत्सर्गी आयोडीन चिकित्सा : रुग्णालयातील वास्तव्य

अवटू ग्रंथीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या कोशिका नष्ट करण्यासाठी आयोडीन (१३१) हा किरणोत्सर्गी समस्थानिक (अर्धायुकाल सु. ८ दिवस) तोंडावाटे देतात. कोशिकांचा नाश मुख्यतः बीटा कणांमुळे होतो; गॅमा किरण मात्र शरीराबाहेर पडत असल्याने मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णास काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवतात. मुंबईच्या रेडिएशन मेडिसीन सेंटरमध्ये (स्थापना १९६३) ही चिकित्सा केली जाते.

एकदोन आठवडे आधीपासून आयोडीनयुक्त मीठ व समुद्रातील मासे वर्ज्य करावे लागतात. गर्भधारणा नसल्याची खात्री करून घेतात. औषध द्रवरूपात वा कॅप्सूलमध्ये असते. ते घेताना वेदना होत नाहीत. नंतर मळमळ, मानेवर सूज किंवा लाला ग्रंथींत दुखणे संभवते. न शोषलेले आयोडीन बव्हंशी मूत्रावाटे जाते. म्हणून भरपूर पाणी पिण्यास सांगतात. शौचालयाचे सांडपाणी किरणोत्सर्ग मंदावेपर्यंत वेगळ्या टाक्यांत साठवितात.

परिचारिका शक्यतो दुरूनच विचारपूस करतात. शरीराच्या त्रासापेक्षा हा एकांतच पुष्कळांना जड जातो, विशेषतः लहान मुलांच्या मातांना. तो का आवश्यक आहे हे त्यांना आधीच समजावून सांगणे इष्ट होय. रुग्णापासून १ मी. अंतरावर मोजलेले प्रारण ठरावीक मर्यादेखाली आल्यावर घरी पाठवितात. तेथेही काही दिवस वेगळे झोपावे व मुलांना मांडीवर घेऊ नये.