मागच्या दिव्यात शिरलेलं पाणी

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की चार-पाच दिवसांत कोकणातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाड्यांची रांग लागते. हॉर्न, वायपर, स्टार्टरच्या तक्रारी असतातच, पण सगळ्यांत चिवट तक्रार मागच्या दिव्यांची. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला तर टेललाइट त्याच्या तालावर लुकलुकते, फ्यूज बदलला तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा उडतो. गाडी जुनी अँबेसेडर असो की कालपरवा शोरूममधून आलेली एसयूव्ही, कारण बऱ्याच वेळा एकच निघतं : दिव्यात पाणी. 1980च्या दशकापासून मी याच धंद्यात आहे. एवढ्या काळात दिव्याची रचना, त्याचा पदार्थ, त्यातला प्रकाशाचा उगम सगळं बदललं. पाणी शिरायचं थांबलं नाही, पण शिरल्यावर होणाऱ्या नुकसानीचं स्वरूप पार बदलून गेलं. कसं, ते सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांत दुकानासमोर ज्या गाड्या यायच्या त्यांत कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमिअर पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबेसेडर, मॅटॅडोर, टेम्पो आणि आकुर्डीची चेतक हे नेहमीचे. पद्मिनीचे मागचे दिवे दोन्ही बाजूंच्या पंखांवर उभे बसवलेले असत. स्क्रू काढले की लाल-पिवळी काच हातात, तिच्यामागे रबराचं गॅस्केट, आणि मग बल्बचा होल्डर. रबर उन्हानं दोन-तीन वर्षांत कडक व्हायचं, चिरायचं, आणि पाणी आत यायचं. पण ते बाहेरही जायचं. दिव्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोक असे. ते भोक चिखलानं किंवा कुंभारीण माशीच्या घरट्यानं बुजलं, तरच दिव्यात तळं साचायचं. आम्ही तारेनं भोक मोकळं करायचो, काच पुसायचो, गिऱ्हाईक अर्ध्या तासात वाटेला लागायचं. चेतकची तर गंमतच होती. जुन्या चेतकला 6 व्होल्टची वायरिंग, बॅटरी नाहीच. इंजिन फिरेल तसा दिवा कमी-जास्त व्हायचा, त्यामुळे पाण्यानं मंदावलेला दिवा कोणता आणि मुळातच मंद असलेला कोणता, हे ओळखायला नजर लागायची.

त्या काळातला बिघाड समजून घ्यायचा तर एक होल्डर उघडून पाहावा. बल्ब एकच, पण आत तारा दोन : 21 वॉटची ब्रेकसाठी, 5 वॉटची टेललाइटसाठी. दोन्ही तारांचा परतीचा रस्ता एक, बल्बच्या पितळी अंगातून होल्डरच्या पत्र्यात आणि तिथून गाडीच्या बॉडीत. हा परतीचा रस्ता म्हणजे अर्थ. पाणी शिरलं की पहिला घाव अर्थवर बसतो. होल्डर जिथे पत्र्याला टेकतो तिथे तांबूस गंज चढतो, पितळेवर हिरवट भुकटी येते, स्प्रिंगचा ताण जातो. आता ब्रेक दाबला की करंट 21 वॉटच्या तारेपर्यंत येतो, पण परतीचा रस्ता बंद. मग तो दुसरा रस्ता शोधतो. कधी शेजारच्या 5 वॉटच्या तारेतून उलटा, टेललाइटच्या वायरीत शिरून, पुढच्या पार्किंग लाइटच्या अर्थपर्यंत जातो. कधी इंडिकेटरच्या बल्बमधून जातो. म्हणून एक पेडल दाबल्यावर भलतेच दिवे मंद पेटतात. नवखा मुलगा अशा वेळी स्टिअरिंगखालचं सगळं वायरिंग उकलून बसतो. अनुभवी माणूस आधी एक वायर घेतो, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या पत्र्याला लावून पाहतो. दिवे सरळ झाले की निदान झालं. पॉलिश पेपरनं गंज घासायचा, अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा चकचकीत करायचा, वर व्हॅसलीनचा हात. एवढ्यावर पावसाळा निभायचा.

पाणी नुसत्या फटीतून येतं असं लोकांना वाटतं. फट नसली तरी ते येतं, आणि त्याचं कारण साधं आहे. 21 वॉटचा बल्ब घाटात सतत ब्रेक मारताना दिव्यातली हवा तापवतो. तापलेली हवा फुगून गॅस्केटच्या कडेनं बाहेर पडते. मग सर आली, काच एकदम गार झाली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं जे काही असेल ते आत ओढून घेते. बाहेर पावसाचं पाणी असतं. म्हणजे दिवा श्वास घेतो आणि त्या श्वासाबरोबर पाणी घेतो. कशेडी घाट उतरून आलेल्या गाड्यांचे दिवे सपाटीवरच्या गाड्यांपेक्षा जास्त भरलेले असायचे, त्यामागे हेच होतं. किनाऱ्यालगतच्या गावांत पाण्याच्या जोडीला हवेतलं मीठ येतं. मिठाचं पाणी वीज जास्त वाहू देतं आणि तांबं जास्त वेगानं खातं. बारीक तारांच्या पिळातून ते वायरच्या आत वर चढतं. वरून वायर धडधाकट, पण सोलली की चांगली वीतभर तार काळी.

डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मागच्या दिव्याचा सगळा बाज बदलला. पत्रा आणि क्रोम गेले, प्लास्टिक आलं. काच आणि मागचं भांडं कारखान्यातच चिकटवून एकसंध केलेलं, बल्ब बदलायचा तो डिकीच्या आतून होल्डर फिरवून. दिव्याच्या आत पाणी शिरणं खरंच कमी झालं. पण आता प्रश्न दुसरीकडे सरकला. दिवा आणि बॉडी यांच्यामध्ये फोमचं गॅस्केट असतं. ते दबलं, किंवा डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी दिवा काढून नीट न बसवता परत आवळला, की पाणी दिव्याच्या मागून थेट डिकीत. तिथून स्टेपनीच्या खड्ड्यात. कार्पेट वरून कोरडं, खाली वीतभर पाणी, आणि मालकाला पत्ता लागतो तो कुबट वास सुटल्यावर. हॅचबॅक गाड्यांत तर मागच्या दरवाजाची वायरिंग छताजवळच्या रबरी नळीतून जाते. नळी फाटली की वायरीच्या अंगानं पाणी थेंबथेंब उतरत कपलरमध्ये जाऊन बसतं. या वर्षांत मी एक सवय लावून घेतली : मागच्या दिव्याची तक्रार आली की आधी स्टेपनी उचलायची.

26 जुलै 2005चा उल्लेख इथे टाळता येणार नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या छतापर्यंत बुडाल्या. इंजिनात पाणी गेलेल्या गाड्यांची चर्चा खूप झाली. त्यांतल्या अनेक गाड्या स्वच्छ करून सेकंडहँड बाजारात आल्या आणि पुढची दोन-तीन वर्षं कोकणात, घाटावर, सगळीकडे फिरल्या. त्यांचे दिवे एकेक करून जात राहिले. पुराचं पाणी ओसरतं, पण कपलरच्या पिनांभोवती गाळाचा पातळ थर ठेवून जातं. तो प्रत्येक पावसाळ्यात ओल धरतो आणि दोन पिनांमध्ये थोडाथोडा करंट झिरपू देतो. जुनी गाडी घेताना लोक बॉनेट उघडून पाहतात. मागच्या दिव्याचा कपलर काढून पाहिला असता तर बऱ्याच जणांचे पैसे वाचले असते.

मग आले एलईडी. त्यांच्याबद्दल आधी चांगलं बोललं पाहिजे, कारण ते खरं आहे. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो, एलईडी तत्काळ उजळतो. ताशी 100 किलोमीटरच्या वेगात मागच्या गाडीला तेवढ्यानं पाच-सहा मीटर जास्त मिळतात. वीज कमी लागते, आयुष्य मोठं. पण एलईडी दिव्याची काच तापत नाही. जुना बल्ब आत आलेली ओल आपल्याच उष्णतेनं वाळवून टाकायचा. एलईडीला ते जमत नाही. म्हणून या दिव्यांना मागच्या बाजूला ताणलेल्या टेफ्लॉनचा छोटा पडदा बसवतात. हा पदार्थ 1969मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांना सापडला. त्याची छिद्रं इतकी सूक्ष्म की वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. पडदा शाबूत असेल तर सकाळी काचेवर धरलेलं धुकं दुपारपर्यंत निघून जातं. त्याची काळजी करू नये. मात्र थेंब ओघळताना दिसले, किंवा तळाशी पाणी हललं, तर ती गळती आहे. पुष्कळदा हे जास्त दाबाच्या पाण्यानं गाडी धुतल्यानं होतं. फवारा दिव्याच्या सांध्यावर जवळून धरला की चिकटपट्टी सुटते, पडदा फाटतो.

गेल्या पावसाळ्यात असाच एक दिवा कापून उघडला, कारण उघडायचा दुसरा मार्ग त्यात ठेवलेलाच नव्हता. आतल्या सर्किट बोर्डवर दोन पट्ट्यांच्या मधे, भिंगाखाली, पिंपळाच्या जाळीदार पानासारखी धातूची नक्षी वाढलेली दिसली. ओल आणि वीज एकत्र आली की एका पट्टीतला धातू विरघळून दुसरीकडे सरकतो आणि अशी शाखा तयार होते. ती दुसऱ्या टोकाला पोचली की शॉर्ट. पाणी एखादा चमचाभरही नव्हतं.

आणि आता हा शॉर्ट दिव्यापुरता राहत नाही. आजच्या गाडीत मागचे दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या हुकमावर चालतात. मॉड्यूलला एखाद्या लाइनवर जास्त करंट दिसला की ते ती लाइनच बंद करतं. क्रूझ कंट्रोल चालत नाही, डॅशबोर्डवर भलत्याच भागाची वॉर्निंग येते. ब्रेकलाइटचा फ्यूज उडाला तर कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअर पार्किंगमधून निघतच नाही, कारण ब्रेक दाबल्याची खूण गिअरला त्याच सर्किटवरून मिळते. दिव्यात पाणी गेलं म्हणून गाडी अंगणातून हलेना, हे गिऱ्हाइकाला समजावताना माझी दमछाक होते. अमेरिकेत काही पिकअप गाड्यांच्या टेललॅम्पमध्येच बाजूची वाहनं ओळखणारा रडार बसवलेला असतो; पाणी शिरून असा एक दिवा गेला तर बदलायला हजार डॉलरच्या वर जातात. आपल्याकडे रक्कम लहान, पण तऱ्हा तीच. रबराच्या एका पट्टीसाठी अख्खा दिवा विकत घ्यायचा.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत भरलं, तेव्हा या बदलाचा हिशेब डोळ्यांसमोर आला. बुडालेल्या गाड्यांतल्या जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्या धुऊन, वाळवून, होल्डर घासून पुन्हा रस्त्यावर आल्या. नव्या गाड्यांतल्या कित्येक विम्याच्या कागदावर टोटल लॉस म्हणून गेल्या. जुनं सगळं चांगलं होतं असं म्हणायचा माझा हेतू नाही. पद्मिनीचे दिवे दर पावसाळ्यात जायचेच, आणि धुक्यात दिवा नसलेल्या ट्रकवर मागून आदळलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा तिच्या दिव्यांसाठी मला हळहळ वाटली नाही. माझं म्हणणं कंपन्यांना आहे. दिवा बंदिस्त करा, जरूर करा. पण गॅस्केट आणि हवेचा पडदा सुटे मिळू द्या, आणि कपलर अशा जागी द्या की खालून पाणी निथळेल. हे दोन्ही भाग काही रुपयांचे आहेत.

मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे असा आपल्या मोटार वाहन नियमांत दंडक आहे. गाडीतला हाच दिवा चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. म्हणून मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, टेललाइट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स एकेक लावून भिंतीवरचा उजेड आरशात पाहा. स्टेपनी उचलून खालचं रबरी बूच जागेवर आहे ना बघा. गाडी धुणाऱ्याला फवारा दिव्यापासून हातभर लांब धरायला सांगा. आणि पावसात पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट बंद दिसला, तर पुढच्या सिग्नलला काच खाली करून त्या माणसाला तेवढं सांगा. त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.