चॅटबॉटला अर्ज लिहायला सांगा, औषधाचा डोस विचारू नका

वस्तीत आता घरोघरी मोबाइलवर चॅटजीपीटी, जेमिनी आहे. व्हॉट्सॲपमध्येही मेटा एआय येऊन बसले आहे. पोरे त्यावर अभ्यास करतात, आणि रात्री बाळाला ताप चढला की आईही त्यालाच विचारते. वापरूच नका, असे आम्ही म्हणणार नाही. कोणत्या कामाला ते भरवशाचे, एवढे मात्र ओळखायला हवे.

हे यंत्र अफाट मजकुरावर तयार झालेले असते. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येईल, याचा अंदाज बांधत ते उत्तर लिहिते. म्हणून भाषेच्या कामात ते बरे. गटार तुंबल्याचा अर्ज लिहून घ्या. रिपोर्टमधले 'क्रिएटिनिन' म्हणजे काय ते विचारा; फोटो टाकताना नाव-नंबर झाकून घ्या. अर्ज चुकला तर वाचताना आपल्याला कळतो. औषधाचा आकडा चुकला तर कळत नाही, कारण चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देते.

तापाच्या पॅरासिटामॉलचेच बघा. एका सिरपच्या 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्याच्या 5 मिलीमध्ये 250. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीमध्येच 100. सिरप समजून त्या बाटलीतले 5 मिली पाजले, तर 500 मिलिग्रॅम पोटात गेले! शिवाय डोस ठरतो बाळाच्या वजनावर. तुमच्या हातात कोणती बाटली, बाळाचे वजन किती, त्याला कावीळ आहे का, यातले काहीच न विचारता चॅटबॉट 'एक चमचा' सांगून मोकळा होऊ शकतो. वॉर्डात आम्हीसुद्धा लेबल दोनदा वाचल्याशिवाय औषध देत नसू. बाटली घेऊन आरोग्य केंद्रात जा, नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा.

शिकलेली माणसेही फसतात. अमेरिकेत 60 वर्षांच्या, कॉलेजात आहारशास्त्र शिकलेल्या एका गृहस्थाने चॅटजीपीटीला विचारून 3 महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. त्याला भास होऊ लागले, रुग्णालयात ठेवावे लागले. डॉक्टरांनी ही केस 2025 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली.

टीबीच्या गोळ्या बंद करू का, गरोदरपणी कोणती गोळी चालेल, हेही त्याच्यावर सोडू नका. छातीत कळ येतेय, बाळ दूध ओढत नाही, झटके येताहेत, तर टाइप करत बसू नका. 108 लावा.