जुनी उधारी आणि मुदतीचा कायदा

करजणच्या बाजारात दिवाळीला चोपड्यांचे पूजन होते. नवा चोपडा उघडतो, पण जुनी बाकी पुढे ओढली जाते. ती वसूल करण्यासाठी न्यायालयात केव्हापर्यंत जाता येते?

१९६३ चा मुदतीचा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अमलात आहे. त्यानुसार हातउसन्या पैशांचा दावा सर्वसाधारणपणे ते दिल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. फेडीची तारीख न ठरवता उधार दिलेल्या मालाचा, माल दिल्यापासून ३ वर्षांत. मुदत उलटल्यावर प्रतिवादी गप्प राहिला तरी न्यायालय दावा काढून टाकते. ऋण मात्र नाहीसे होत नाही. बंद होतो तो दाव्याचा मार्ग.

खरा धोका सहीत आहे. मुदतीच्या आत ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, की त्या दिवसापासून नवी मुदत धरतात. मुदतीनंतरची नुसती कबुली निरुपयोगी. पण ‘रक्कम फेडीन’ असे सहीचे लेखी वचन १८७२ च्या कराराच्या कायद्याचे कलम २५ बंधनकारक मानते. व्यापाऱ्याचेही पैसे गुंतलेले असतात, हे खरे. तरीही ‘मावशी, नुसती सही करा’ म्हणत कोणी दहा वर्षांपूर्वीच्या उधारीचा कागद पुढे केला, तर सहीपूर्वी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.