फोटोतले हॉटेल आणि त्यामागचा कारागीर

हॉटेलचा धंदा पूर्वी स्वच्छ खोली, गरम पाणी आणि चांगले जेवण यांवर चालत असे. समाधानी पाहुणा पुढच्या खेपेस परत येई आणि चार जणांना सांगे. आता पाहुणा पिशवी खाली ठेवण्याआधी मोबाईल काढतो. त्याने इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो शेकडो लोक पाहतात आणि त्यांतले काही तोच कोपरा पाहण्यासाठी पैसे भरून येतात. आपल्या नांदेड-लातूरच्या कारागिरांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो रोजीचा आहे.

२०१० च्या ऑक्टोबरात इन्स्टाग्राम सुरू झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी सिंगापूरचे मरीना बे सॅन्ड्स उघडले. तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर, ५७ व्या मजल्यावर, सुमारे १५० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव आहे. त्याची कड थेट आकाशाला भिडल्यासारखी दिसते. या तलावात फक्त हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांनाच प्रवेश मिळतो. म्हणजे ज्याला तो फोटो हवा, त्याने एका रात्रीचे भाडे भरावे. धंद्याचे गणित यापेक्षा सोपे ते काय!

पण सिंगापूरचा तलाव हे इंजिनिअरांचे काम झाले. आपल्या उपयोगाचे उदाहरण मोरोक्कोतील मराकेश शहरात आहे. तेथील रॉयल मन्सूर हे हॉटेलही २०१० चेच. त्यात खोल्या नाहीत, अंगणाची ५३ स्वतंत्र घरे आहेत. भिंतींवर 'झेलीज' म्हणजे रंगीत झिलई दिलेल्या मातीच्या फरशीचे हाताने छिनून बसवलेले तुकडे, वर कोरीव लाकूड, कोरीव चुना, पितळेचे काम. हजाराहून अधिक कारागीर या कामावर होते. तेथे पाहुणे ज्याचा फोटो काढतात, ती बहुतेक हाताची कारागिरी आहे.

आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादेत आहे. फलकनुमा महालाचा पाया १८८४ साली नवाब विकार-उल-उमरा यांनी घातला; पुढे तो सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला. अनेक वर्षे तो बंदच होता. सुमारे दहा वर्षे डागडुजी चालल्यावर २०१० च्या नोव्हेंबरात तेथे ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले. संगमरवरी जिना आणि एका वेळी १०१ माणसे बसतील असे जेवणाचे टेबल, या दोन जागांचे फोटो जगभर फिरतात. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा याच संस्थानात होता, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

त्या संस्थानाची एक कला तर आपल्या उंबऱ्यावर आहे. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर छिन्नीने कोरलेली वेलबुट्टी, त्या खाचांत ठोकून बसवलेली चांदीची तार. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या गरम पाण्यात बुडवले की जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरीच राहते. ही बिदरी. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. काळ्यावर पांढरे फोटोत किती उठून दिसते, हे सांगायला नको. तरी आपण अजून सुरई आणि अत्तरदाणीच विकतो, ज्या कपाटात बंद होतात. हॉटेलवाल्याला खोलीच्या क्रमांकाची पाटी, दाराची मूठ, स्वागतकक्षाच्या भिंतीचे चौकोन हवे असतात. तो एका वेळी एक नग मागत नाही, शंभर मागतो.

सुतार, लोहार, काच आणि पीओपीचे काम करणारे, गादी-सोफा शिवणारे यांनाही हेच लागू आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे बाराही महिने यात्रेकरू उतरतात, लातूरला शिकवणी वर्गांमुळे पालक. तेथील लॉज, हॉटेले, शादीखाने आता फोटोसाठी एक तरी भिंत सजवून घेतात. काम आहे. अडचण पैशाची आहे.

आमचाच अनुभव सांगतो. एका नव्या हॉटेलला आमच्या घरच्या दुकानातून कोरीव चौकटीचे १४ आरसे गेले. बयाणा थोडा, बाकी तोंडी. उद्घाटन थाटात झाले आणि आम्ही आठ महिने फेऱ्या मारल्या. चौकटी करणाऱ्या कारागिराची मजुरी तोवर आम्ही उसनवार करून दिली. हातात चिठ्ठीसुद्धा नव्हती, भांडणार कशावर?

कायदा मात्र आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. ज्यांना व्याज नको त्यांनी मुद्दलासाठी तरी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करावा. त्यासाठी काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, दलालाला पैसे देऊ नयेत. एक खोच लक्षात ठेवावी: केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच, थकबाकीचे हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणून बिल शक्यतो कारखानदाराच्या नावे असावे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यापासून, सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीनंतर दिले तर ते देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. हॉटेलच्या मुनिमाला ही आठवण मार्च महिन्यात नम्रपणे करून द्यावी.

ऑर्डरच्या कागदावर आणखी एक ओळ लिहून घ्यावी: कामाच्या कोपऱ्यात कारखान्याचे नाव व गाव राहील. पाहुण्याच्या फोटोत तेही जाईल. आमच्या त्या १४ आरशांपुढे आजही नवरदेव फोटो काढतात. चौकटी कोणी कोरल्या, हे त्या हॉटेलच्या नोकरांनाही माहीत नाही.