घड्याळ काय मोजते?

घड्याळ वेळ मोजते हे तुम्हांला ठाऊक आहे. पण वेळ तर दिसत नाही. मग घड्याळ नेमके काय मोजते? ते पुन्हा पुन्हा घडणारी एखादी गोष्ट मोजते. ती गोष्ट जितकी नियमित, तितके घड्याळ अचूक.

पूर्वी आपल्याकडे घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवत. हळूहळू पाणी आत शिरे आणि वाटी बुडे. वाटी बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. तुमच्या उर्दूतील 'घडी' आणि मराठीतील 'घड्याळ' हे दोन्ही शब्द या घटिकेचेच नातलग! अल्-जझरी या कुशल कारागिराने १२०६ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात हत्तीच्या आकाराचे घड्याळ आहे. त्या हत्तीच्या पोटातही अशीच वाटी अर्ध्या तासाने बुडे. ती बुडताच वरचा पक्षी गोल फिरे आणि माहूत टोला देई.

१६५६ मध्ये हॉलंडच्या हायगेन्स या शास्त्रज्ञाने लंबकाचे घड्याळ तयार केले. दिवसाला पाव तास चुकणारी घड्याळे आता मिनिटभरही चुकेनाशी झाली. भिंतीवर हे ठीक होते. पण डोलणाऱ्या जहाजावर लंबक कसा नीट हलणार?

जहाजाला तर घड्याळाची फार गरज होती. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. जहाजावरची वेळ आणि निघालेल्या बंदरातील वेळ यांतील फरकावरून रेखांश कळतो. घड्याळ ४ मिनिटे चुकले, तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे १११ किलोमीटर चुकते! १७०७ मध्ये आपण कोठे आहोत हे नीट न कळल्याने इंग्लंडची चार युद्धजहाजे सिली बेटांजवळ खडकांवर आदळली. हजाराहून अधिक माणसे बुडाली.

१७१४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने यावरील उपायासाठी २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा. त्याने लंबक सोडून स्प्रिंगवर चालणारे, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे घड्याळ बनवले. १७६१ मध्ये ते जमैकाच्या प्रवासाला निघाले. ८१ दिवसांनंतर, त्याची रोजची चाल हिशेबात धरता, ते फक्त ५ सेकंद मागे होते. तरीही सुताराच्या हातचे काम विद्वानांना लवकर पटेना. उरलेले पैसे मिळेपर्यंत हॅरिसन ऐंशी वर्षांचा झाला होता.

१९२७ मध्ये स्फटिकाचे घड्याळ आले. आज बहुतेक मनगटी घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. परंतु लंबक काय किंवा स्फटिक काय, माणसाने घडवलेल्या दोन वस्तू अगदी सारख्या नसतात. सीझियमचे अणू मात्र सगळीकडे एकसारखेच! १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये लुई एसेन यांनी सीझियमचे घड्याळ चालू केले. सीझियमच्या अणूशी जुळणाऱ्या लहरींची ९,१९,२६,३१,७७० आंदोलने म्हणजे १ सेकंद, असे १९६७ मध्ये ठरले.

इतकी अचूकता कशाला, असे तुम्ही विचाराल. वाट दाखवणारे उपग्रह आपल्याला अंतर सांगतात, ते संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून. तेथे सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तर अंतर ३०० मीटरने चुकते. भारताने २०१३ मध्ये असा पहिला उपग्रह सोडला. त्यातील परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, पण जागा सांगू शकत नव्हता. मग आपल्या शास्त्रज्ञांनी अहमदाबादला स्वतःचे रुबिडियमचे अणुघड्याळ तयार केले. २९ मे २०२३ रोजी ते उपग्रहातून अवकाशात गेले.