शाळेचा जुना संगणक आणि मुक्त कार्यप्रणाली

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. त्या क्षणाच्या आसपासची ३२ सेकंदांची नोंद आज कोणालाही विनामूल्य मिळते. सेकंदाला ४०९६ नोंदी, म्हणजे १,३१,०७२ आकडे. प्रत्येकाला ८ बाइट धरले तरी एका वेधशाळेची फाइल जेमतेम १ मेगाबाइटची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्या परिसरातील अकरावी-बारावीच्या मुलांनी हे आकडे स्वतः तपासावेत, असे आम्हांला वाटते. त्यासाठी शाळेतला दहा वर्षांपूर्वीचा संगणकही पुरतो. अडते ते कार्यप्रणालीपाशी.

स्मृती, हार्ड डिस्क, कळफलक यांचा कारभार पाहणारी आणि इतर आज्ञावल्यांना ते वाटून देणारी मूळ आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय अनेक जुन्या यंत्रांत नसते. यंत्र धडधाकट, पण निकालात!

येथे लिनक्स उपयोगी पडते. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीला विद्यार्थी असताना लिहिलेला हा केवळ गाभा आहे. त्याभोवती इतर आज्ञावल्या जोडून जे तयार होते त्याला वितरण म्हणतात, आणि वितरणे ढीगभर आहेत. जेन्टू मूळ संहितेपासून आपल्याच यंत्रावर घडवायचे असते. शिकायला उत्तम, पण जुन्या यंत्रावर त्यात तासन् तास जातात. आर्च सतत बदलत असल्याने इंटरनेट नियमित हवे. आमची निवड १९९३ पासून चालत आलेले डेबियन. त्याची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आणि मधल्या काळात प्रयोगशाळेतली घडी विस्कटत नाही. त्याची १३ वी आवृत्ती (ऑगस्ट २०२५) बसवायला मात्र ६४-बिटचा प्रोसेसर लागतो.

बसवण्यापूर्वी जुन्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. हार्ड डिस्क पुसली की परतीचा मार्ग नाही. डेबियनची प्रतिमा-फाइल जेथे इंटरनेट चांगले असेल तेथून उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी. सोबत दिलेली तपासणी-संख्या अवश्य जुळवावी. फाइलीतला एक बिट बदलला तरी ही संख्या पार वेगळी येते. मग पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून चित्रमय पर्याय घ्यावा, म्हणजे भाषांच्या यादीत मराठीही दिसते. मेज-परिसर निवडताना ४ जीबी स्मृतीच्या यंत्राला ग्नोमपेक्षा हलका एक्सएफसीई बरा.

डिस्कच्या वाटणीचा प्रश्न आला की स्वयंचलित पर्याय घेऊन मोकळे होण्याचा मोह होतो. मुले सोबत असतील तर तो टाळावा, कारण खरा धडा इथेच आहे. एक विभाग प्रणालीसाठी, एक विद्यार्थ्यांच्या फाइलींसाठी, एक छोटा स्मृतीला हातभार म्हणून. नव्या धर्तीच्या यंत्रात आरंभासाठी आणखी एक. फाइलींचा विभाग वेगळा असला, तर पुढे प्रणाली पुन्हा बसवताना त्याला हात न लावता काम भागते.

विभागांची मांडणी ईएक्सटी४ ठेवावी. वसमतच्या बाजारातला हळदीचा अडत्या आधी कच्च्या वहीत टिपून मग पक्की नोंद करतो, तशी ही प्रणाली मांडणीतले बदल आधी एका रोजनाम्यात लिहिते. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना रोजनामा पाहून अर्धवट व्यवहार पुरे केले जातात किंवा सोडून दिले जातात. जतन न केलेला निबंध मात्र जातोच!

पायथन भाषा बहुधा सोबतच बसते. नमपाय आणि मॅटप्लॉटलिब ही दोन पॅकेजे इंटरनेट मिळेल त्या दिवशी घालावीत. कच्च्या आकड्यांच्या आलेखात लहर दिसणार नाही, नुसता गोंगाट दिसेल. सुमारे ३५ ते ३५० हर्ट्झ यांबाहेरच्या कंपनसंख्या गाळल्या आणि उपकरणाचे ठरावीक सूर काढले, की तो ०.२ सेकंदांचा चढता सूर वर येतो.