निवृत्तीनंतरचा पूरक आरोग्य विमा: ऐकीव आणि खरं

‘कंपनीचा विमा आहे, मग वेगळा कशाला?’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. कंपनीचा सामूहिक विमा बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबरच संपतो. मग साठीत नवी पॉलिसी घेतली, की मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ लागू शकतो. तीच पॉलिसी तीन वर्षं आधी घेतली असेल, तर हा काळ पगार चालू असतानाच सरतो. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते. निवृत्तीच्या काही महिने आधीच एचआरकडे तिची चौकशी करावी.

मूळ पॉलिसीला पूरक म्हणून घेतले जाणारे टॉप-अप आणि सुपर टॉप-अप एकच, असं अनेकांना वाटतं. समजा, डिडक्टिबल पाच लाखांचं आहे, म्हणजे पहिले पाच लाख ही पॉलिसी देणार नाही. एकाच वर्षात जूनमध्ये चार लाखांचं बिल झालं आणि डिसेंबरमध्ये तीन लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. दोन्ही पाच लाखांच्या आत, त्यामुळे हाती काहीच नाही. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज करतो: सात लाखांतून पाच वजा, दोन लाख मिळतात. उतारवयात एका वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावं लागणं नवं नाही, म्हणून मी सुपर टॉप-अपच घ्या असं सांगेन. मूळ पॉलिसीचं आणि याचं वर्ष एकाच तारखेला सुरू होईल असं बघा, नाहीतर दोन बिलं दोन वेगळ्या वर्षांत पडतात.

सुपर टॉप-अपसाठी मूळ पॉलिसी असलीच पाहिजे, हेही सरसकट खरं नाही. डिडक्टिबलची रक्कम खिशातून भरली तरी चालते. मात्र मग तेवढे पैसे सहज मोडता येतील अशा ठेवीत हवेत.

पासष्टीनंतर विमा मिळतच नाही, ही जुनी गोष्ट झाली. एप्रिल २०२४ पासून ती वयोमर्यादा उरलेली नाही. तब्येत पाहून अर्ज नाकारण्याचा अधिकार मात्र कंपनीला आहे.

‘सत्तरीनंतर सरकार बघतंच की!’ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, जुन्या आजारांसह आणि पहिल्या दिवसापासून. ही मोठीच सोय आहे. खासगी विमा असला तरी या योजनेचं कार्ड काढता येतं, आणि ते काढाच. पण नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात. उपचार योजनेतल्या रुग्णालयांतच होतात, आणि बाह्यरुग्ण तपासणी किंवा रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएसचा (माजी सैनिकांची योजना) लाभ घेणाऱ्यांना ती योजना किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडावं लागतं, तेव्हा घाई नको.

विम्याची रक्कम मोठी असली की काम झालं, असंही नाही. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार असताना दहा हजारांची खोली घेतली, तर कापले जातात ते फक्त वरचे पाच हजार नव्हेत. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च अशा रकमाही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येऊ शकतात. २० टक्के को-पे असेल, तर प्रत्येक मंजूर दाव्यातला पाचवा हिस्सा तुमचा.

कोणी एजंट ‘बीपीचं लिहू नका’ म्हणाला, तर ऐकू नका. सलग पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही.

हप्त्याच्या बाबतीत दोन दिलासे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, सल्लामसलत करावी लागते.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत खोलीभाडं, को-पे, डिडक्टिबल आणि प्रतीक्षा काळ या चार गोष्टी कागदावर शोधा. एजंटनं तोंडी सांगितलेलं त्यांच्याशी जुळत नसेल, तर पॉलिसी परत करा.